एकास चौदाची क्रेन

२४ नोव्हेंबर २०२४

वही बायकोने, वासंतीने दिली. शाळेतून निवृत्त होताना तिला कोणीतरी भेट दिली होती, सहा वर्षं कोरीच पडून होती. म्हणाली, "खिडकीत बसून उसासे टाकता, त्यापेक्षा यात लिहा." मी उसासे टाकत नाही. पण वही चांगली जाड आहे. घेतली.

लिहिण्यासारखं एकच आहे. काल तिच्या भाचीच्या लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या मागच्या मैदानावर रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल ट्रकांचं प्रदर्शन होतं. अक्षता पडल्यावर पाय मोकळे करायला गेलो आणि पंगत चुकवली. डंपर, लोडर, पोकलेन. हातभर लांबीचे, पण पत्रा खरा, बकेटचे दात खरे, उकरलेली माती खरी. बनवणारे सगळे नोकरदार लोक, घरी लेथ ठेवून बनवतात म्हणे. तासभर उभा होतो.

एकाला विचारलं, "क्रेन नाही का कोणाची?"

"क्रेन अवघड असते काका. तोल सांभाळावा लागतो."

"माहीत आहे."

"कुठे होता तुम्ही?"

"स्टोअरकीपर होतो," म्हणालो. खोटं नाही. शेवटची सोळा वर्षं तेच होतो.

२८ नोव्हेंबर

ठरलं. क्रेन करायची. कुठलीही नाही, मी चालवलेली, ट्रकवर बसवलेली वीस टनी. तिचं जुनं माहितीपुस्तक माळ्यावर होतं, काढलं. प्रमाण एकास चौदा, त्या प्रदर्शनातल्या ट्रकांसारखंच. दहा मीटरची गाडी एकाहत्तर सेंटिमीटर होते.

वासंती म्हणाली, "करा. पण घरात ठोकाठोक नको. खालच्यांना आपण पापड मोडला तरी ऐकू जातं."

म्हणून नाना पेठेत दादामियाँकडे गेलो. पूर्वी आमच्या क्रेनच्या पिना आणि बुश त्यांच्याकडूनच करून घ्यायचो. बहात्तर वर्षांचे झालेत, अजून रोज मशीनवर उभे असतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला.

"लेथवर हात चालवलाय का कधी?"

"आयटीआयला. सत्त्याहत्तर साली."

"मग विसरला नसाल," म्हणाले. "विसरायला आधी शिकावं लागतं."

कोपऱ्यातला छोटा लेथ दुपारी दोन ते पाच मला दिला. अट एवढीच की जाताना मशीन पुसायचं आणि त्यांना सल्ला द्यायचा नाही.

५ डिसेंबर

गुरुवार, म्हणजे आप्पा आला. आप्पासाहेब माझ्या क्रेनवर रिगर होता. वजन पट्ट्यात बांधायचं, क्रेनचे चार पाय बाहेर काढून जमिनीवर टेकवायचे, खालून हाताने इशारे द्यायचे, हे त्याचं काम. वर बसलेल्या ऑपरेटरला जे दिसत नाही ते त्याने बघायचं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मारुंजीला त्याची थोडी जमीन राहिली आहे, बाकीच्या जमिनीवर इमारती आल्या. नोकरी सुटून दोघांनाही जमाना झाला, पण दर गुरुवारी तो भाजीची पिशवी घेऊन येतो. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात तोच घेऊन गेला. वासंतीच्या ऑपरेशनला रक्त त्याने दिलं. सख्खा भाऊ इतकं करत नाही. हे मी वासंतीला नेहमी सांगतो. ती म्हणते, "हो, येतात खरे."

आज त्याला नकाशा दाखवला.

"कंची क्रेन ही, भाऊ?"

"आपलीच. नंबर प्लेटसकट करणार आहे."

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ट्रक करा की त्यापरीस. ट्रक सोपा असतुया." चहा अर्धा ठेवून गेला. घाईत असावा.

१३ डिसेंबर

चॅसिसच्या पट्ट्या कापून झाल्या. भोकांना आटे पाडताना दोन टॅप मोडले. दुसरा पट्टीतच अडकून बसला. दादामियाँ लांबून म्हणाले, "तो आता तिथेच राहणार. पत्ता बदलून घ्या त्याचा."

पितळेचा कीस घरभर होतो म्हणून वासंतीने चपलांसोबत शर्टही दाराबाहेर काढायचा नियम केला आहे. जिन्यात बनियनवर उभा होतो, वरची तेजस्विनी हिंजवडीच्या बसमधून उतरून आली आणि "गुड इव्हनिंग काका" म्हणून गेली. काय समजली असेल.

२० डिसेंबर

का करतो आहे ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ही वही मीच वाचणार. लिहितो.

१४ मार्च २००६. हिंजवडीत एका आयटी कंपनीची इमारत उभी राहत होती. दोन टन आठशे किलोचा जनरेटर उचलून पहिल्या मजल्याच्या गच्चीवर ठेवायचा होता. सकाळचे साडेअकरा. आप्पाने खालून हात दाखवला, चारही पाय ओके. मी उचललं, फिरवलं. गच्चीच्या बाजूला नेताना कूस बदलल्यासारखी क्रेन कलली. एकदा कलली की ऑपरेटरच्या हातात काही राहत नाही. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, मजुरांच्या पत्र्याच्या आडोशावर पडला. तिथे गोदाबाई नावाची बाई बसली होती. तिचा उजवा पाय मांडीपासून मोडला. जीव वाचला.

मला खांद्याला लागलं होतं. दवाखान्यात ठेकेदाराची माणसं आली. मी म्हणालो, "माझंच चुकलं असेल." अहवालात लिहिलं, ऑपरेटरने चूक कबूल केली, वजन बारा मीटर लांब नेलं, मर्यादा नऊची होती. 'असेल' तेवढं गाळलं. मी सही केली. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली आणि परत कुठल्याही क्रेनवर चढलो नाही. त्या बाईला भेटायला गेलो नाही. धीर झाला नाही.

नऊ मीटरच होतं अशी माझी आठवण आहे. पण आठवण आपल्याच बाजूने बोलते. हातातल्या कामाचं माप मला चुकणारच नाही असं वाटायचं, आणि क्रेन तर पडली. मग काय चुकलं? मॉडेल बरोबर वजनाचं केलं तर ते तसंच कललं पाहिजे. कलताना एकदा शांतपणे बघायचं आहे. कोणाचा पाय न मोडता.

हे लिहून हात दुखतो आहे, पण बरं वाटलं.

९ जानेवारी २०२५

बूमच्या तीन पेट्या पितळी पत्र्याच्या केल्या, एकीत एक सरकणाऱ्या. तिसरी आठ वेळा घासली तेव्हा न अडकता आत गेली. इतका आनंद झाला की दादामियाँना चहा पाजला. ते म्हणाले, "मुलगा झाल्यासारखं तोंड करू नका. आत सरकली, आता बाहेर काढा." बाहेरही आली.

१६ जानेवारी

आता पाय. चौकोनी नळीत चौकोनी नळी, टोकाला आट्याचा जॅक. माहितीपुस्तकाचं नेमकं तेच पान वाळवीने खाल्लं आहे. आप्पा आला तेव्हा विचारलं, "पाय पूर्ण बाहेर काढल्यावर गाडीच्या मध्यापासून किती अंतर व्हायचं?"

"नाय आठवत."

"अरे, रोज दहादा काढायचास."

"नाय आठवत भाऊ. लई वर्सं झाली."

ज्या माणसाला सगळ्या गावाचे फोन नंबर पाठ आहेत, त्याला हे आठवू नये. वय दिसायला लागलं त्याचं. शुगर तपासून घे म्हणालो.

मग मीच जुन्या फोटोवरून काढलं, अडीच मीटर. म्हणजे मॉडेलला अठरा सेंटिमीटर.

जेवताना वासंतीने विचारलं, "त्या दिवशी पाय पूर्ण बाहेर होते?"

"हो."

"तुम्ही बघितले होते?"

"आप्पाने बघितले होते."

तिने अजून एक पोळी वाढली. तिला यातलं कळत नाही, पण चौकशी करते.

२ फेब्रुवारी

बुधवार पेठेत गेलो. रिमोट, रिसीव्हर, पाच छोट्या गिअर मोटरी. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?" मी म्हणालो, "माझ्यासाठी." तो लगेच अदबीने बोलायला लागला.

१५ फेब्रुवारी

आज ती हलली.

दादामियाँच्या टेबलावर ठेवली, रिमोट हातात घेतला. बोटं आपोआप जुन्या जागी गेली, डावा अंगठा फिरवायला, उजवा उचलायला. बूम वर गेला, लांब झाला, हूक खाली आला. तिथे ठेवलेला नटांचा डबा उचलला आणि शेजारच्या लेथवर अलगद टेकवला. डब्यातला एकही नट वाजला नाही.

दादामियाँ मशीन बंद करून बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा टोमणा मारला नाही. म्हणाले, "भीमराव, हा हात स्टोअरमध्ये कसा काय गेला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. वासंतीनंतर पहिल्यांदाच कोणाला तरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग वजन बरोबर करा. अंदाजाने काही करू नका." घरी चालत आलो, नाना पेठ ते कोथरूड. दमलो नाही.

२ मार्च

वजनं झाली. गाडीचे वीस टन एकास चौदाने सात किलो तीनशे ग्रॅम होतात. चौदाला तीनदा गुणून भागायचं, हे वासंतीने पाटीवर समजावलं तेव्हा कळलं. गाडी दीडशे ग्रॅमने कमी भरली, चॅसिसखाली शिशाच्या पट्ट्या लावल्या. जनरेटर म्हणजे लोखंडाचा ठोकळा, एक किलो वीस ग्रॅम.

बाहेरच्या खोलीत फरशीवर चारही पाय लावले. खाली उशी ठेवली, पडली तर लागू नये म्हणून. नऊ मीटरचे चौसष्ट सेंटिमीटर. उचललं. फिरवलं. त्या दिवशी फिरवलं तसंच, तेवढ्याच वेगाने.

पडली नाही.

पुन्हा केलं. सहा वेळा केलं. मग अहवालातल्या बारा मीटरवर नेलं. मागची चाकं जरा हलकी झाली, तेवढंच. उभी राहिली.

वासंती दारात उभी होती. "चांगलंच झालं ना?" म्हणाली.

चांगलं कसं? माझं काहीतरी चुकलं आहे. पडायला हवी होती.

४ मार्च

सगळं सुटं करून पुन्हा तोललं. दादामियाँनी स्वतःच्या काट्यावर तोललं. फरक दहा ग्रॅमचा.

"वजन बरोबर, माप बरोबर," ते म्हणाले. "मग काय राहिलं?"

"जमीन. जमीन खचली असेल."

"खचली होती?"

"नाही. काँक्रीट होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत मशीनकडे वळले. "विचार करा," एवढंच म्हणाले. विचार काय करायचा, तो तर मी एकोणीस वर्षं करतोच आहे.

१३ मार्च

आप्पा तिसरा गुरुवार आला नाही. फोन केला तर सून म्हणाली, शेतावर गेलेत. मी निरोप ठेवला की क्रेन पूर्ण झाली, बघायला ये, आणि गंमत म्हणजे ती पडतच नाही.

१८ मार्च

चौदा तारीख गेली. दरवर्षी त्या दिवशी मला जेवण जात नाही. या वर्षी गेलं. का ते माहीत नाही.

वासंती आज एकटीच मारुंजीला जाऊन आली, दोन बस बदलून. शेतावरचा ताजा पालक आणायला. कोथरूडला पालक मिळत नाही का? आणि आणला तो एकच जुडी.

२० मार्च

आज आप्पा आला. पिशवी नव्हती. पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आला. डोळे सुजलेले. मी म्हणालो, "बस, तुला गंमत दाखवतो." क्रेन फरशीवर लावलेलीच होती. मी ठोकळा उचलला, फिरवला, बारा मीटरपर्यंत लांबवला. "बघ. अहवालात म्हणे यामुळे पडली."

तो खुर्चीवर बसलाच नाही. गुडघे टेकून क्रेनशेजारी खाली बसला. मला वाटलं जवळून बघतोय. त्याने हात पुढे केला, गच्चीच्या बाजूचा पुढचा पाय जॅक सैल करून आत ढकलला. अर्धा. मग मागचाही. जॅक पुन्हा घट्ट केले. जागा अचूक होती. मोजपट्टी लागली नाही.

"आता उचला, भाऊ."

मी उचललं. नऊवरच, चौसष्ट सेंटिमीटर. फिरवलं. गच्चीच्या बाजूला आल्यावर ती कूस बदलल्यासारखी कलली आणि उशीवर आडवी झाली.

तस्सं. अगदी तस्सं.

मोटर फिरत होती, ती बंद करायचं मला सुचलं नाही. वासंतीने आतून येऊन रिमोट माझ्या हातातून काढून घेतला.

"सळ्यांचा ढीग व्हता त्या अंगाला," आप्पा फरशीकडे बघत म्हणाला. "पाय पुरा निघंना. सुपरवायझरला म्हनलं ढीग हलवू. तो म्हनला, अर्धा लाव, धा मिंटाचं काम हाय. म्या लावला. अन् तुमाला हात केला, ओके."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिसरा म्हैना व्हता माजा नोकरीचा. म्हनलं दवाखान्यात सांगीन. तितं आलो तर तुमीच म्हनत व्हता, माजं चुकलं. मग म्हनलं उद्या सांगीन."

"अठरा वर्षं?"

"एकोनीस झाली. परवाच्या चौदा तारखेला."

पुढे मी काय बोललो ते लिहून ठेवतो, कारण त्यात भूषणावह काही नाही. मी म्हणालो, "चालता हो इथून."

तो उठला आणि गेला. वासंती त्याच्यामागे जिन्याने खाली गेली. वीस मिनिटांनी वर आली. एवढा वेळ काय करत होती विचारलं तर म्हणाली, "रिक्षा मिळत नव्हती त्यांना."

२१ मार्च

झोपलो. रात्री साडेनऊ ते सकाळी आठ. मधे एकदाही उठलो नाही. सकाळी आरशात बघितलं तर गालावर उशीची सुरकुती. एकोणीस वर्षांत अशी झोप लागलेली आठवत नाही.

राग आहे. पण रागापेक्षा मोठं काहीतरी आहे आणि त्याला नाव देता येत नाही. सकाळपासून तीन वेळा स्वतःशी म्हणालो, नऊच होतं. भाजी चिरताना म्हणालो, अंघोळ करताना म्हणालो. नऊच होतं. माझ्या हाताला माप कळत होतं.

२३ मार्च

काल-आज राग आला. खरा. सोळा वर्षं स्टोअरमध्ये नट मोजले मी. त्याच्या भाजीचा प्रत्येक घास आठवला. दर गुरुवारी तो येत होता तो माझ्यासाठी की स्वतःसाठी? वासंतीला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही असेल. माणूस एकाच कामासाठी दोन बस बदलून येत नाही." मग तिला आप्पाने सांगितलेलं सगळं नीट, पहिल्यापासून सांगितलं. ती मटार सोलत होती. आश्चर्य वगैरे काही वाटलेलं दिसलं नाही. म्हणाली, "बरं झालं, बोलले एकदाचे." एकदाचे का म्हणाली कोण जाणे. शाळेतल्या बायांची बोलण्याची पद्धत.

२६ मार्च

आज माहितीपुस्तक परत उघडलं. पहिल्या पानावर ठळक अक्षरात आहे: उचलण्याआधी ऑपरेटरने खाली उतरून चारही पाय स्वतः तपासावेत.

स्वतः.

मी त्या दिवशी उतरलो नव्हतो. ऊन होतं, कॅबिनमधून उतरायचं आणि परत चढायचं म्हणजे कंटाळा. आप्पाने हात दाखवला, मी हँडल ओढलं. उतरलो असतो तर दोन पावलांवर दिसला असता तो अर्धा पाय.

म्हणजे माझं चुकलंच होतं. पण हे वेगळं चुकलं होतं. इतकी वर्षं मी मान्य करत होतो की मला काम येत नव्हतं. आता दिसतंय की काम येत होतं, आळस केला. आळसाची चूक माझ्या अंगावर बसते, मापात. ती घेऊन मला चालता येईल. ती दुसरी कधीच बसली नाही, नुसतीच टोचत राहिली.

दादामियाँना सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवून विचारलं, "फोन केला का त्याला?"

"नाही."

"मग मशीन पुसा आणि घरी जा. फोन करायचा असेल तर इथे करू नका, आवाजात ऐकू येत नाही."

फोन केला. आप्पाने पहिल्याच रिंगला उचलला. मी विचारलं, "जेवलास का?"

"न्हाय अजून."

"तीन वाजून गेले. जेव."

"बरं," म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "भाऊ, त्या बाईला बी सांगाया पायजे. माज्याच्यानं एकट्यानं व्हनार न्हाय."

"उतरून बघायचं काम माझंही होतं," मी म्हणालो. "दोघं जाऊ."

५ एप्रिल

आज गेलो. सगळं क्रमाने लिहितो.

गोदाबाई मारुंजीतच राहतात. आप्पाच्या घरापासून तीन गल्ल्या. एकोणीस वर्षं तो त्या गल्लीतून गेला नाही, लांबचा वळसा घालून घरी जातो. हे त्याने मुलाची मोटरसायकल चालवताना सांगितलं, मान न वळवता. गल्लीच्या तोंडाशी त्याने गाडी लावली आणि उगाचच आरसा पुसत बसला. मी म्हणालो, "चल." तेव्हा निघाला.

एका उंच टॉवरच्या मागे चार खोल्यांची चाळ. गोदाबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. साठीच्या असतील. बाजूला काठी. उजवा पाय सरळ पसरलेला, तो दुमडत नाही हे लांबूनच कळलं. ते बघितल्यावर मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"गोदाबाई, मी भीमराव. हिंजवडीला तुमच्यावर क्रेन पडली ना, त्या क्रेनवर मी होतो. ऑपरेटर."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं.

"क्रेनवाला? तो तर गेला."

"कोण गेला?"

"क्रेनवाला. दवाखान्यात म्या इचारलं, क्रेनवाल्याचं काय झालं? हापिसातला बाबू म्हनला, गेला तो."

मला कळायला वेळ लागला. नोकरी सोडून गेला, असं म्हणाला असणार तो. गेला. बाईने जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

"मी गेलो नाही," मी म्हणालो. "कोथरूडला राहतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू म्हणाल्या, "म्या बसले व्हते ना तितं. सायबानं दोनदा हाकाललं व्हतं, हितं बसू नका. पर सावली तेवढीच. मला वाटायचं, खाली बाई बसलीय म्हनून त्यानं क्रेन वडली, मला वाचवाया, अन् आपुन गेला. माज्यापाई."

आप्पा माझ्या मागे उभा होता. तिथूनच बोलायला लागला. सळ्या, सुपरवायझर, अर्धा पाय, हात केला ते. मीही मधे सांगितलं की उतरून बघायचं काम माझं होतं आणि मी बघितलं नाही. आप्पाला शेवटचं वाक्य पुरं करता आलं नाही, तो रडायला लागला. भर दुपारी, ओट्यासमोर.

गोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. मला वाटलं आता काठी उचलतील, आणि उचलली असती तर बरंच वाटलं असतं.

"पाय माजा मोडला," त्या आप्पाला म्हणाल्या, "अन् रडतुयास तू?"

मग म्हणाल्या, "बस हितं. उनात नको."

तो बसला. त्या तांदळाकडे बघत म्हणाल्या, "लई हाल झालं माजं. दोन वर्सं खाटंवर व्हते. ते काय तुमच्या सांगन्यानं जायाचं न्हाय." आम्ही दोघंही मान खाली घालून होतो. "पर सांगितलं, बरं केलं."

नंतर त्यांनी मला जवळ बोलावलं. माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं, आणि धरूनच ठेवलं. हात खरखरीत, गरम. आत सून काम करत होती, तिला हाक मारली.

"अगं ए, बाहेर ये. क्रेनवाला जित्ता हाय."

सून दारात आली, पदराला हात पुसत. मला बघून दचकली. तिला माझ्याबद्दल सगळं माहीत होतं असं दिसलं. गोदाबाई हसायला लागल्या. खूप वर्षं न हसलेला माणूस हसतो तसं नाही, चांगलं सवयीचं, पोट हलवून हसल्या. आप्पा डोळे पुसता पुसता हसला. मग मीही.

"दरसाल पितरात एक घास तुमच्या नावानं ठिवतो आमी," त्या म्हणाल्या. "नाव ठावं नव्हतं, क्रेनवाला म्हनूनच ठिवतो. सासू-सासरं, मालक अन् क्रेनवाला."

एवढंच म्हणालो, "मला पोचत होता."

"पोचत कसा हुईल? जित्त्या मानसाला?" त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे वळल्या. "औंदा एक घास कमी कर गं. अन् आता च्या टाक, चार कप. यो हितं बसून पिनार हाय."